तबकड्यांची पेटी घेऊन : मुंबई ते हुबळी

शुक्रवार, मुंबई

जुन्या रेकॉर्ड जमवणारी माणसं एकमेकांना याद्या पाठवतात, लेबलांचे फोटो पाठवतात, पण शेजारी बसून ऐकणं मात्र राहून जातं. म्हणून माझ्या थोरल्या काकांनी, अण्णांनी, बेत काढला. मुंबईहून निघायचं, पुणे, मिरज, कोल्हापूर करत धारवाड-हुबळीपर्यंत जायचं आणि वाटेत जिथं ओळखीचं घर असेल तिथं बैठक मारायची. त्यांच्याकडचं ऐकायचं, आपल्याकडचं ऐकवायचं. "अलीकडे तू स्वतः जे पुन्हा पुन्हा लावलंस तेच घे," त्यांनी मला बजावलं. "आणि सगळ्यांना तोंडपाठ आहे असलं काही नको." माझ्या पिशवीत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड. त्यांच्या पेटीत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, आणि हातात चावीचा एचएमव्ही १०२, म्हणजे १९३१ साली बाजारात आलेला तो बॅगेसारखा बंद होणारा ग्रामोफोन.

पहिली बैठक दादरला, माझ्या एका मित्राकडे. मी थेट चरणजित सिंग यांच्यापासून सुरुवात केली. मुंबईच्या सिनेसंगीतात अनेक वर्षं वाजवलेले हे वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं जुळवली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाच्या साथीचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचं. त्यांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. एका बाजूला भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती; दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एचएमव्हीनं काढलेल्या या रेकॉर्डकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि तिकडच्या ऐकणाऱ्यांनी कान टवकारले, कारण ॲसिड हाउस म्हणून जे संगीत शिकागोहून १९८७च्या सुमाराला जगभर गेलं, त्याच यंत्रांचा तसाच नाद मुंबईत पाच वर्षं आधी उमटला होता. २०१५ मध्ये सिंग गेले. त्याआधी उतारवयात त्यांना हे राग परदेशातल्या रंगमंचांवर, तरुणांच्या गर्दीसमोर वाजवायला मिळाले, याचं मला मनापासून समाधान आहे.

अण्णा यंत्रसंगीताच्या वाटेला न जाणारे. पण ललत संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकताना बोट वर करून थांबले. "बघ, दोन्ही मध्यम पहिल्याच वळणात ठेवले. आपल्याकडे वेळ थोडा आहे हे ओळखून वाजवतोय हा माणूस."

पुढच्या सगळ्या प्रवासाचं सूत्र मला त्या वाक्यात मिळालं. तबकडीवरची वेळ ठरलेली असते. ती कलावंत कशी खर्च करतो, हे ऐकायचं.

मित्रानं मग शंकर-जयकिशन यांची १९६८ची 'रागा जॅझ स्टाइल' लावली. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, बाजूला ड्रम, बेस, पियानो आणि तबला. सिनेमाच्या गाण्यांसाठी रोज स्टुडिओत भेटणारी ही मंडळी इथं सिनेमाशिवाय एकत्र आली आहेत, आणि त्यांच्या वाजवण्यात तो मोकळेपणा ऐकू येतो. पहिला तुकडा तोडीचा. सतार रागाची ओळ ठेवते, सॅक्सोफोन ती उचलतो आणि वेगळ्याच रस्त्यानं परत आणून देतो. काही तुकड्यांत राग नावापुरताच उरतो, हे खरं. पण तोडीसाठी ही रेकॉर्ड घरात असावी, असं माझं मत आहे.

निघताना त्यानं 'यंग इंडिया' लेबलाच्या दोन तबकड्या दाखवल्या. १९३५च्या सुमाराला मुंबईत सुरू झालेली ही देशी कंपनी वीसेक वर्षं चालली. मोठे गवई मोठ्या कंपन्यांकडे बांधलेले असत, त्यामुळे हिच्या यादीत नवखे, हौशी आवाज खूप. एका बाजूवर कुणीतरी भजन म्हणत होतं. आवाज कोवळा, ताल जरा घाईचा. लेबलावरचं नाव पुसट झालेलं. तरी शेवटचं आवर्तन समेवर नेमकं आलं आणि आम्ही तिघांनीही एकदम मान हलवली.

शनिवार, पुणे

सकाळच्या गाडीनं पुणं. घाटाबद्दल लिहिणार नाही. माझं सगळं लक्ष वरच्या फळीवरच्या पेटीकडे होतं.

दुपारची बैठक शनिवार पेठेत, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. बाईंच्या कपाटात तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, ताठ. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात किंवा तडकतात. त्या पुसायला बाई साधं पाणी आणि मऊ फडकं वापरतात. "स्पिरिट लावू नका हं कुणी," त्या आल्या आल्या म्हणाल्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे एलपीसाठी मिळणारे अल्कोहोलचे द्राव ७८च्या तबकडीवर घातले तर घळच, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती रेघच, खराब होते. नव्यानं ऐकायला लागलेल्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट सुईची. अण्णांच्या ग्रामोफोनला पोलादी सुई, आणि ती एका बाजूला एक. बाजू संपली की सुई बदलायची. लाखेत खडकाची बारीक पूड मिसळलेली असते. ती फिरता फिरता सुईला घासून घळीच्या मापाची करते. तीच सुई पुढच्या तबकडीवर ठेवली, तर धारदार झालेली कड नवी घळ कापत जाते. बाईंकडे विजेचं यंत्र आहे आणि त्याला ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई आहे. एलपीची घळ फार अरुंद. तिची सुई ७८वर ठेवली की ती घळीच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळातला कचरा वाचते. पुष्कळजण "जुन्या रेकॉर्डमध्ये खरखरच फार" म्हणून नाराज होतात, त्यातली निम्मी तरी खरखर चुकीच्या सुईची असते.

मग रामकृष्णबुवा वझे. तिलककामोद, 'तीरथ को सब करे'. काय ती सुरुवात! आलापाची प्रस्तावना नाही, गळा साफ करणं नाही. बुवा थेट बंदिशीत उतरतात, जणू मैफल तासभर चालू आहे आणि आपणच उशिरा दार उघडलं. आवाज जाड, किंचित खरबरीत. तान फेकून देतात आणि ती बरोबर मुखड्यावर येऊन पडते. अनवट रागांचा एवढा साठा असलेला हा गवई. त्यांची खंबावतीही बाईंनी ऐकवली, आणि त्या छोट्याशा वेळात रागाचं आडवळण इतकं स्पष्ट दिसतं की शिकणाऱ्यानं समोर बसवून घ्यावं.

लगेच त्याच्यामागे मास्टर दीनानाथ, 'परवशता पाश दैवे'. दीनानाथ वझेबुवांचे शिष्य, आणि गुरु-शिष्य असे पाठोपाठ ऐकताना ती नाती कानाला दिसतात : तीच झेप, तोच बेधडकपणा, पण गळा तलवारीसारखा लखलखीत. 'रणदुंदुभी'तलं हे पद रंगभूमीवर किती वेळ चालत असेल! वन्स मोअर मिळत, पद फुलत जाई, प्रेक्षक गायकाला सोडत नसत. तबकडीवर मात्र दहा इंचांच्या एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. दीनानाथ ते पद छाटून बसवत नाहीत. ते पदाचा कळस निवडतात आणि तिथूनच गायला लागतात.

बाईंनी तिथंच एक नाव घेतलं आणि खोली क्षणभर गप्प झाली : भास्करबुवा बखले. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरु. १९२२ मध्ये ते गेले. त्यांची एकही तबकडी नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झालं होतं, गौहरजान तेव्हापासून तबकड्यांवर गात होत्या, म्हणजे यंत्र होतं, वीस वर्षं होती. तरी बुवांचं गाणं आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच अंदाजानं ऐकावं लागतं. बाईंनी बालगंधर्वांची एक कमी ऐकलेली तबकडी लावून विचारलं, "यातलं बुवांचं कोणतं आणि यांचं स्वतःचं कोणतं, सांगा." संध्याकाळ त्या वादातच गेली. मी अजूनही माझ्या उत्तरावर ठाम आहे : स्वर लावण्याची लाडीक पद्धत बालगंधर्वांची स्वतःची, पण समेकडे येण्याची शिस्त शिकवलेली.

रविवार, पुणे ते मिरज

जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार. गाडी साताऱ्यापर्यंत रमतगमत जाते आणि कराडनंतर उसाचे मळे सुरू होतात. अण्णा मला वाटेत १९२५च्या आधीच्या आणि नंतरच्या तबकड्यांमधला फरक समजावत होते. आधी माइक नव्हता. गवई एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडून गात असे, आवाजाच्या जोरावरच मेणावर रेघ उमटे. हळू स्वर, तंबोरा, तबल्याचा डग्गा यांतलं काहीच पुरतं उतरत नसे. १९२५पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि गवयाला कुजबुजता येऊ लागलं. "आज रात्री ऐकशील," ते म्हणाले, "कुजबुजीची ताकद."

मिरजेला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी दर्ग्यात गेलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. कैरान्यात जन्मलेला हा गवई मिरजेत स्थायिक झाला आणि १९३७च्या ऑक्टोबरात, दक्षिणेतल्या दौऱ्यात, सिंगपेरुमाळकोइल या छोट्या रेल्वे स्टेशनवर गेला. त्यांना मिरजेला आणलं. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. आम्ही गेलो तेव्हा उरूस नव्हता. दोन-चार भाविक, पोरांचा खेळ. अण्णांनी चपला काढून कबरीसमोर बराच वेळ हात जोडले.

बैठक सतारमेकरांच्या गल्लीत. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आमचे यजमान तिसऱ्या पिढीतले कारागीर. भोपळे टांगलेल्या खोलीत आम्हाला बसवलं, लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. अण्णांनी ग्रामोफोन उघडला, चावी भरली आणि ओडियन कंपनीची तबकडी ठेवली. झिंझोटी, 'पिया बिन नाही आवत चैन'.

ही तबकडी अनवट मुळीच नाही, आमच्या अटीत बसत नाही. पण मिरजेत येऊन ती न लावणं हा उद्धटपणा झाला असता. आणि आपण ती बहुधा फोनवर, कापूसपिंज्या आवाजात ऐकलेली असते. लहानपणी ही तबकडी कानावर पडली आणि असंच गायचं म्हणून घर सोडलं, असं भीमसेन जोशी सांगत. चावीच्या ग्रामोफोनवर, चार हातांवर बसून ऐकताना ते मला पहिल्यांदा पटलं. खाँसाहेबांना तीन मिनिटांची घाईच नाही. पहिला 'पिया' ते असा लावतात की वाटतं, हा आता अर्धा तास इथंच थांबणार. 'चैन' या शब्दावर येतात आणि स्वर विरघळू देतात. वझेबुवा वेळ जिंकतात. हे वेळ विसरायला लावतात. तबकडी संपली तेव्हा कुणीच सुई उचलली नाही, ती आतल्या घळीत फिरत राहिली.

यजमान म्हणाले, "अण्णा, हे चढं वाजतंय."

त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा घेतला, तारांना झंकार देणारा जवारीचा धागा सरकवला, षड्ज जुळवला आणि पुन्हा लावायला सांगितलं. मग पुढचा तास आम्ही फेऱ्यांच्या मागे लागलो. '७८' हा आकडा नंतर ठरला. जुन्या तबकड्या कमी-अधिक वेगानं कापलेल्या असत, आणि चावीच्या यंत्राचा वेगही हातानं लावायचा असतो. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, गातो. आवाज नुसता चढत नाही, पातळही होतो. तान जास्त चपळ भासते आणि आपण त्याचं श्रेय गवयाला देतो. यजमान तंबोरा छेडत, अण्णा वेगाची कळ केसभर सरकवत, आणि खाँसाहेबांचा गळा हळूहळू माणसात आला. नेमका कुठल्या पट्टीत ते बसले होते ते आज कोण सांगणार! पण छातीचा भरीवपणा जिथं आला, तिथं कारागीर थांबले आणि म्हणाले, "हां. इथं बसलाय माणूस." खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात आणि जवारी काढण्यात तरबेज होते. त्यांचा सूर शोधायला जवारीवालाच हवा, हे किती योग्य!

त्याच वेगावर मग आम्ही 'चंद्रिका ही जणू' लावलं. 'मानापमान'मधलं हे पद, खाँसाहेबांनी देवगंधारात आणलेलं. त्यांची मराठी ऐकण्यासारखी आहे. शब्द त्यांच्या तोंडात पाहुण्यासारखे येतात आणि स्वर घरच्या माणसासारखे. शेवटी अण्णांनी पेटीच्या तळातून त्यांची कर्नाटक रागातली तबकडी काढली, खरहरप्रिया, 'राम नी समान'. उत्तरेचा ख्यालगायक त्यागराजांची रचना गातो आहे, तीही तबकडीवर, तीही त्या काळात. माझ्यासाठी प्रवासातला हाच शोध. कर्नाटक संगीताच्या जाणकारांना त्यात उणिवा दिसतील. मला त्यात एक कान दिसतो, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतलेला.

सोमवार, कोल्हापूर

मिरज-कोल्हापूर तासाभराचा रस्ता. देवल क्लबवरून चालत गेलो; १८८३ पासूनची ही गायन संस्था, आणि याच शहरात शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँ गवई होते. पुन्हा तीच रिकामी जागा. १९४६ पर्यंत जगलेल्या खाँसाहेबांचं गाणं तबकडीवर नाही. जयपूर घराण्याचा उगम आपण शिष्यांकडूनच ऐकायचा.

आमचे कोल्हापूरचे यजमान पेशानं इंजिनिअर, बोलणं अस्सल इथलं. "अण्णा, तुमचा डबा ऱ्हाऊ दे की बाजूला, आधी माझं ऐका," म्हणत त्यांनी केसरबाई केरकर लावल्या. नटकामोद, मग कुकुभ बिलावल. केसरबाईंचं गाणं म्हणजे एकाही श्वासाची उधळपट्टी नाही. तान संपते असं वाटतं तिथून ती आणखी एक वळण घेते, आणि तरीही लयीला धक्का लागत नाही. जयपूरची पेचदार वीण एवढ्याशा जागेत बसवणं सर्वांत अवघड, कारण या गायकीला फुलायला वेळ लागतो. केसरबाई विस्तार गाळतात, पण वीण सैल करत नाहीत. तीनच मिनिटांत तीन वेळा ऐकावं लागेल एवढं भरतात.

यजमानांनी मग त्यांची भैरवी लावली, 'जात कहाँ हो', आणि त्याआधी म्हणाले, "ही तबकडी सगळ्यात लांब गेलीया." व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत ही भैरवी आहे. ती तबकडी १६⅔ फेऱ्यांची, सोबत सुईही पाठवलेली. पहिलं यान १९७७च्या ऑगस्टमध्ये निघालं, दुसरं सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ध्वनिमुद्रणाबद्दल आणि कोणी चोरून उचलण्याबद्दल इतक्या काटेकोर असलेल्या बाईंचा आवाज आता सूर्यमालेच्या बाहेर आहे. आम्हाला यजमानांच्या एलपीवर ऐकायला मिळाला. साडेतीन मिनिटांची भैरवी. सुरुवातीलाच विचारलंय, कुठं चाललीस.

माझ्याकडून मी चरणजित सिंग यांची भैरवी लावली. केसरबाईंच्या लगेच नंतर लावू नये, हे खरं. चहा होऊ दिला, मग लावली. यजमानांनी डोळे मिटून ऐकलं. "मशीन हाय, पण कोमल निषादाला नमस्कार करून जातंय," म्हणाले. आणि रेकॉर्डचं नाव लिहून घेतलं.

मंगळवार, धारवाड

निपाणी, बेळगाव, कित्तूर. रस्ता चांगला, ड्रायव्हर शांत, तबकड्या माझ्या मांडीवर. तीन ठिकाणी थांबलो आणि तिन्ही ठिकाणी अण्णांनी पेटी उघडून तपासली.

धारवाडला 'मृत्युंजय' पाहिलं, मल्लिकार्जुन मन्सूर यांचं घर, आता स्मारक. साधी बैठी वास्तू. संध्याकाळी बैठक एका प्राध्यापकांकडे. त्यांचं मराठी कन्नड वळणाचं, गोड. त्यांनी अनपेक्षित क्रम लावला. आधी मन्सूरांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या : गौडमल्हार, अडाणा. हे मन्सूर मला माहीतच नव्हते! वेग असा की तबलजीला धाप लागावी. तरुण, चढा आवाज, ताना एकावर एक. मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम झालेले मन्सूर. जयपूरच्या मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांची तालीम अजून पुरती मुरायची आहे. मग प्राध्यापकांनी त्यांची कन्नड वचनं लावली, आणि शेवटी म्हातारपणचं, लांब ध्वनिमुद्रण, शिवमत भैरव. तोच माणूस, पण प्रत्येक स्वर आता जागेवर ठेवतो आणि वाट बघतो.

"तुम्ही तीन मिनिटांचं फार कौतुक करता," प्राध्यापक मला म्हणाले. "पण बघा हं, मन्सूरांना तीन मिनिटं पुरली नाहीत. त्यांना ऐंशी वर्षं लागली."

मी वाद घातला. त्या अडाण्यात जी धग आहे ती शिवमत भैरवात नाही, आणि ती तबकडीच्या घड्याळानं पेटवलेली आहे. समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागणार हे माहीत असलेल्या पंचविशीच्या गवयानं सगळं एका दमात ओतलं. दोन्ही ठेवायला हवीत. अण्णा कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. त्यांनी अडाण्याची तबकडी उलटून पाहिली, कडेचा तडा बोटानं चाचपला आणि विचारलं, "हिची प्रत करून ठेवली आहे ना?" ठेवली होती.

बुधवार, हुबळी

धारवाडहून वीस किलोमीटर. सकाळी गंगूबाई हनगल यांचं 'गंगालहरी' पाहिलं, तेही आता संग्रहालय. दुपारी शेवटची बैठक एका वकीलबाईंकडे. त्यांच्या आजीनं जपलेल्या तबकड्या.

एकीच्या लेबलावर 'गांधारी हनगल' असं नाव. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या, १९३०च्या दशकातल्या तबकड्या याच नावानं निघाल्या. ज्यांनी त्यांना फक्त उत्तरायुष्यात ऐकलं, त्यांचा यावर विश्वास बसत नाही. नंतरचा तो खर्जाचा, पुरुषी भासणारा, दगडी देवळासारखा आवाज घशाच्या उपचारानंतर आलेला. इथं मात्र पातळ, उंच, चपळ, काहीसा लाजरा गळा. गायकी मात्र ओळखू येते. सवाई गंधर्वांची तालीम, म्हणजे एक पिढी मागे अब्दुल करीम खाँच. मिरजेत रविवारी ऐकलेली स्वर लावायची रीत इथं एका मुलीच्या आवाजात पुन्हा भेटली.

वकीलबाईंनी लगेच गंगूबाईंची एलपी लावली. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त जागा, एकच राग. बाई पहिली पाच मिनिटं मंद्र सप्तकाच्या बाहेर आल्याच नाहीत. मग पुन्हा ती छोटी तबकडी, मग पुन्हा एलपी. आमच्यात कुणी काही बोलत नव्हतं, फक्त सुया बदलल्या जात होत्या.

नंतर देवाणघेवाण. चरणजित सिंग हुबळीत राहिले. वकीलबाईंच्या मुलानं ती एलपी दोनदा ऐकली होती आणि तिसऱ्यांदा लावायला घेतली होती. बदल्यात त्यांनी गांधारी हनगलची दुसरी एक तबकडी आम्हाला प्रत करून घ्यायला दिली, रुंद फडक्यात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून. तिची एक बाजू मराठी भावगीताची आहे, दुसरी रागाची. पुण्याच्या बाईंकडे जाड टोकाची सुई आहे, तेव्हा प्रत तिथंच करायची ठरली. वेग मात्र मिरजेच्या कारागिरांना विचारून लावायचा, असा अण्णांचा आग्रह. फोनवर त्यांना तंबोरा छेडायला सांगणार आहेत.